रानाचा जमाखर्च आणि मुळांवरील बुरशी

वऱ्हाडांतील शेतकऱ्यास मेळघाटचें रान नवीन नाहीं. परतवाड्याहून सेमाडोह-धारणीच्या वाटेस लागलें कीं साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, सालई आणि बांबू यांची दाटी सुरू होते. महसूल खात्यांतील नोकरीच्या वर्षांत दप्तर काखेंत मारून त्या वाटेनें जाण्याचे प्रसंग मला पुष्कळ आले. खालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनींत एकरीं किती गाड्या शेणखत आणि किती पोतीं रासायनिक खत, हीच चर्चा ऐकून वर जावें. आणि वर पाहावें तों ज्या सागास कोणीं कधीं टोपलीभर शेणहि घातलें नाहीं, तो मुरमाड उतारावर पिढ्यान् पिढ्या उभा! आमच्या शेतांतून दरसाल माल बाहेर जातो आणि रानांतून तितका जात नाहीं, हें या कोड्याचें अर्धें उत्तर होय. उरलेलें अर्धें असें देण्यांत येतें कीं, झाडाचा पाला कुजतो व त्याचेंच खत होतें. परंतु पाला पडतो जमिनीच्या पाठीवर. त्यांतील नत्र व स्फुरद मुळाच्या तोंडीं कोण नेऊन घालतो? हा हमाल कोण, तो मजुरी काय घेतो, आणि त्यास उपाशी ठेविल्यास आपलें काय नुकसान होतें, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. सातबारा व फेरफार लिहिण्यांत माझें आयुष्य गेलें. जमेची बाजू खर्चाशीं जुळते कीं नाहीं, एवढें पाहण्याची संवय मात्र हाडींमासीं खिळलेली आहे. त्याच संवयीनें रानाची वही उघडून पाहूं.

मुळबुरशी म्हणजे काय?

हा हमाल म्हणजे झाडाच्या मुळांशीं जोडून राहणारी एक बुरशी होय. सन १८८५ मध्यें आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें तिला मायकोरायझा हें नांव दिलें. ग्रीक भाषेंतील बुरशी आणि मूळ या अर्थाच्या दोन शब्दांचा तो जोड आहे. प्रशियाच्या सरकारानें त्यास जमिनीखालीं वाढणाऱ्या ट्रफल नांवाच्या महागड्या खाद्य बुरशीची लागवड होऊं शकेल काय, याचा शोध करण्यास सांगितलें होतें. त्या शोधांत त्यास असें दिसलें कीं, रानांतील कित्येक झाडांच्या कोवळ्या मुळ्यांभोंवतीं बुरशीचें वेष्टण असतें, आणि तरीहि झाड रोगी होत नाहीं. उलट बुरशीच्याच द्वारें त्याचें पोषण होतें. बुरशी म्हणजे रोग, अशी त्या काळीं समजूत असल्यामुळें पुष्कळ विद्वानांनीं त्याच्या म्हणण्यास विरोध केला. पुढें तें म्हणणें खरें ठरलें. आज आपल्या बाजारांत मायकोरायझा या नांवाचीं पाकिटें विकत मिळतात, तो शब्द हाच. या लेखांत आपण तिला मुळबुरशी म्हणूं.

पुढें जाण्यापूर्वी तीन घोटाळे दूर केले पाहिजेत. पहिला असा कीं, तुरीची मर किंवा कपाशीची मूळकूज करणारी बुरशी ती ही नव्हे. ती चोर आहे व ही भागीदार आहे. दुसरा घोटाळा तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवरील गांठींविषयींचा. त्या गांठींत जीवाणु असतात व ते हवेंतील नत्र बांधतात. मुळबुरशी हवेंतून नत्र घेऊं शकत नाहीं. जें जमिनींत आहे तेंच ती गोळा करिते. तिसरा घोटाळा छत्र्यांचा. पावसाळ्यांत वारुळांतून जी खाण्याची छत्री निघते, ती वाळवीनें आपल्या घरांत पोसलेल्या बुरशीची असते. तिचा झाडाच्या मुळाशीं संबंध नाहीं.

मुळबुरशीच्या दोन मुख्य जाती आहेत, आणि रानाचा सगळा हिशेब या दोहोंच्या भेदावर अवलंबून आहे.

पहिली आंतली. ही मुळाच्या आंत शिरून त्याच्या पेशींत लहानशा झाडासारख्या फांद्या फोडते आणि तेथूनच आपले तंतु बाहेर मातींत पसरिते. हे तंतु इतके बारीक कीं त्यांची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून पांचशेव्या भागापर्यंत असते. मूळ उपटून पाहिलें तर डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. प्रयोगशाळेंत मूळ निळ्या रंगांत भिजवून सूक्ष्मदर्शकाखालीं धरावें, तेव्हां ती ओळखूं येते. पृथ्वीवरील वनस्पतींच्या जातींपैकीं शेकडा सत्तरांच्या आसपास जातींत ही आंतली बुरशी आढळते. साग, मोह, बांबू यांत ती आहे. कपाशी, ज्वारी, तूर, गहूं, कांदा, संत्रा यांतहि तीच आहे. हें नातें फार जुनें आहे. स्कॉटलंडांतील राईनी या गांवच्या खडकांत सुमारें ४० कोटी वर्षांपूर्वींच्या वनस्पतींचे अवशेष सांपडले, त्यांतहि तिच्या खुणा स्पष्ट दिसल्या आहेत.

दुसरी बाहेरली. ही मुळाच्या टोकावर मोज्यासारखी चढते, पेशींच्या फटींतून शिरते, पण पेशींच्या आंत जात नाहीं. तिच्यामुळें मुळ्यांचीं टोकें आंखूड, जाड व फांटे फुटलेलीं दिसतात, आणि पावसाळ्यांत झाडाखालीं तिच्या छत्र्या उगवतात. वनस्पतींच्या शेकडा दोनच जातींत ती आढळते. परंतु त्या दोनांत चीड, ओक व साल हे मोठाले इमारती वृक्ष येत असल्यामुळें जगांतील रानांचा मोठा भाग तिच्या ताब्यांत आहे. मेळघाटांत सालाचें रान नाहीं. मात्र त्याच सातपुड्याच्या रांगेंत पूर्वेस पचमढीस गेलें कीं साल भेटतो, आणि पुढें बालाघाट-मंडल्याकडे त्याचीं मोठीं रानें आहेत. म्हणजे एकाच डोंगराच्या रांगेंत या दोन्ही बुरश्यांचे दोन निरनिराळे कारभार चालले आहेत.

सागाचा कारभार

झाडाचें पान उन्हाच्या बळावर हवेंतील कर्बवायूपासून साखर करितें. ही त्याची रोकड. या रोकडीपैकीं शेकडा ४ पासून २० पर्यंत भाग झाड मुळबुरशीस साखरेच्या व स्निग्ध द्रव्याच्या रूपानें देतें, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. बटाईचा विचार केला तर हा वांटा जड नव्हे, पण थोडकाहि नव्हे.

त्याच्या बदल्यांत बुरशी मुख्यत्वें स्फुरद आणून देते. स्फुरद जमिनींत चालत नाहीं. जेथें पडतें तेथेंच राहतें, व आमच्या चुनखडीच्या जमिनींत तर चुन्याशीं जखडून बसतें. मुळाच्या अगदीं लगतचें स्फुरद थोड्याच दिवसांत संपतें. मग मूळ जेथें पोंचत नाहीं अशा चार-सहा बोटें लांबच्या जागेवरून बुरशीचे तंतु तें उचलून आणतात. जस्ताचीहि तशीच गोष्ट आहे. नत्राच्या बाबतींत तिचें काम थोडें निराळें आहे. आंतल्या बुरशीस वाळलेलें पान पचवितां येत नाहीं. तें काम वाळवी, किडे, सडविणाऱ्या दुसऱ्या बुरश्या आणि जीवाणु यांचें. त्यांनीं पाला फोडून त्यांतील नत्र मातींत मोकळें केलें म्हणजे मगच मुळबुरशी तें गोळा करून झाडाकडे नेते.

या कामाची खरी घाई असते ती मृगाच्या पावसांत. चार महिने तापलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडतांच जीवाणूंची एकदम वाढ होते आणि पुष्कळसें नत्र थोड्या दिवसांत मोकळें होतें. तें झेलण्यास मातींत जिवंत मुळें व तंतु हजर असतील तर झाडाच्या पदरीं पडतें. नसतील तर तें पाण्याबरोबर खालीं झिरपतें, नाहींतर वायु होऊन उडून जातें. रानांत झेलणारे हात पसरलेलेच असतात. आमच्या उघड्या शेतांत पेरणी होऊन पीक वर येईपर्यंत ते नसतात. रान आणि शेत यांतील मोठा भेद येथें आहे.

यावरून असें दिसेल कीं, सागाच्या रानाचा व्यवहार रोखीचा आणि जलद आहे. हिंवाळा-उन्हाळ्यांत पाला पडतो, पावसाळ्यांत कुजतो, आणि त्याचें नत्र त्याच हंगामांत पुन्हां पानांत चढतें. जमिनीवर पाल्याचा जाड थर वर्षानुवर्षें सांठत नाहीं.

सालाचा व चिडाचा कारभार

बाहेरल्या बुरशीची रीत निराळी. तिच्या कित्येक जातींस असे पाचक रस आहेत कीं त्या अर्धवट कुजलेल्या पाल्यांतून नत्र परभारें ओढून घेतात आणि कर्ब तेथेंच सोडून देतात. मागें राहिलेला पाला नत्रावांचून निःसत्त्व होतो. सडविणाऱ्या जीवाणूंस जगण्यास नत्र लागतें. तें न मिळाल्यामुळें त्यांचें काम मंदावतें, आणि पाला सांठत जातो.

ही गोष्ट प्रथम ज्यांनीं प्रयोगानें दाखविली, त्यांचें आडनांव ऐकून मराठी वाचकास आपलेपणा वाटेल. रूथ गाडगीळ व पी. डी. गाडगीळ या दोघांनीं न्यूझीलंडांतील चिडाच्या रानांत कांहीं तुकड्यांभोंवतीं चर खणून झाडांचीं मुळें आंत येण्याचें बंद केलें. मुळें म्हणजेच मुळबुरशी. ती आंत नसतांना चिडाचा पाला लवकर कुजूं लागला. ती असतांना सावकाश कुजत होता. हा शोध सन १९७१ मध्यें प्रसिद्ध झाला व तेव्हांपासून शास्त्रीय ग्रंथांत त्यास गाडगीळ परिणाम असें म्हणतात. पुढें इतर देशांत हा प्रयोग करून पाहतां तो सर्वत्र सारखा उतरला नाहीं. कोठें पाला उलट लवकर कुजला, कोठें कांहींच फरक पडला नाहीं. तथापि मूळ कल्पना टिकून आहे. सन २०१४ मध्यें जगांतील निरनिराळ्या ठिकाणच्या जमिनींच्या आंकड्यांची छाननी करण्यांत आली. तींत असें निघालें कीं, बाहेरल्या बुरशीच्या रानांतील मातींत नत्राच्या दर एका भागामागें कर्ब आंतल्या बुरशीच्या रानांपेक्षां शेकडा ७० जास्त असतो.

यावरून सागाचें रान कमी प्रतीचें व सालाचें श्रेष्ठ, असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. जलद कुजलेल्या पाल्याचा सर्वच कर्ब उडून जात नाहीं. त्याचा बारीक अंश चिकणमातीच्या कणांस घट्ट चिकटून बसतो, आणि तसा चिकटलेला कर्ब दीर्घकाळ टिकतो. अमेरिकेंतील कांहीं समशीतोष्ण रानांत वरच्या थराऐवजीं एक मीटर खोलीपर्यंतची माती तपासली, तेव्हां आंतल्या बुरशीच्या झाडांखालींच एकूण सांठा अधिक भरला. सालाची शिल्लक उघड्यावरच्या गंजीसारखी. आंतल्या बुरशीच्या झाडांची पेवांत घातलेल्या धान्यासारखी. वऱ्हाडची काळी जमीन तर चिकणमातीनेंच भरलेली आहे. पेव आपल्या घरचें आहे. त्यांत दरसाल कांहीं पडतें कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

वणवा म्हणजे वहीस आग

जलद व्यवहाराच्या दुकानास रोजची आवक लागते. ती एक हंगाम बंद पडली तरी तें अडचणींत येतें. सागाच्या रानाची आवक म्हणजे दरसालचा पाला, आणि तीच उन्हाळ्यांत वणव्यानें जळते. मोहाचीं फुलें वेंचण्यास सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाला जाळणें, तेंदूस कोंवळी पालवी यावी म्हणून आग लावणें, या रीति मध्य हिंदुस्थानांतील रानांत जुन्या आहेत. फुलें व पानें वेंचून ज्यांची चूल पेटते त्यांस दोष देणें सोपें आहे. परंतु झाडाखालचा पाला झाडून बाजूस करणें हें काम मेहनतीचें असून त्याची मजुरी त्यांस कोणी देत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आगींत काय जातें व काय राहतें? राखेंत चुना, पालाश आणि स्फुरदाचा बराच भाग राहतो. म्हणून जळलेल्या जागीं पहिल्या पावसांत गवत हिरवेंगार दिसतें व लोकांस वाटतें कीं आगीनें जमीन सुधारली. पण कर्ब आणि नत्र यांचा मोठा भाग धुरावाटे निघून जातो. सडविणाऱ्या जीवांस अन्न नाहीं, म्हणून मोकळें होणारें नत्र नाहीं, म्हणून मुळबुरशीस वाहून नेण्यास माल नाहीं. वरची राख उतारावरून सिपना-गडग्याच्या पाण्याबरोबर वाहून जाते. एक वर्षाच्या आगीनें साग मरत नाहीं. दरसालच्या आगीनें मात्र जमिनीचें भांडवल खात जावें लागतें.

सगळ्या पृथ्वीचा आंकडा सांगावयाचा तर सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असा अंदाज आहे कीं, भूमीवरील वनस्पति दरवर्षीं सुमारें १३ अब्ज टन कर्बवायूइतका कर्ब मुळबुरशीच्या हवालीं करितात. माणसें कोळसा, तेल व वायु जाळून वर्षभरांत जितका कर्बवायु सोडतात, त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून हा आंकडा अधिक आहे. कित्येक ठिकाणीं हा आंकडा जणूं कायमची शिल्लक आहे अशा थाटानें छापला गेला. कारकून या नात्यानें मला येथें शेरा मारणें भाग आहे: ही जमेची रक्कम आहे, शिल्लक नव्हे. त्यांतील पुष्कळसा कर्ब बुरशीच्या श्वासावाटे व तिच्या मरणानंतर कुजण्यानें परत हवेंत जातो. मातींत किती टिकतो, हें माती, पाऊस आणि माणसाची वागणूक यांवर ठरतें.

रानांतून शेतांत

आतां आपल्या शेतांकडे येऊं. सागाची आंतली बुरशी व कपाशी-ज्वारीची आंतली बुरशी एकाच कुळांतील होत. अर्थात् रानाचे नियम शेतासहि लागू पडतात.

ही गोष्ट आमच्या शेजारीं पूर्वींच बोलली गेली होती. सन १९२४ मध्यें इंदूर येथें वनस्पति-उद्योग संस्था निघाली व सन १९३१ पर्यंत तिचे प्रमुख आल्बर्ट हॉवर्ड हे होते. काडीकचऱ्याचें खत करण्याची इंदूर पद्धति त्यांचीच. सन १९४० च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं मुळबुरशीस मोठा मान दिला. कुजलेलें खत आणि पीक यांना जोडणारा दुवा तीच, आणि तिच्या द्वारें खताचें सत्त्व पिकांत शिरतें, असें त्यांचें मत होतें. आजच्या ज्ञानानें त्यांत दुरुस्ती करावी लागते. आमच्या पिकांतील बुरशी खत स्वतः पचवीत नाहीं. दुसऱ्यांनीं पचविलेलें वाहते. पण काडीकचरा, मातींतील जीव आणि मुळबुरशी हें एकच कुटुंब आहे, हें त्यांचें सांगणें बरोबरच ठरलें.

संत्र्याच्या बागाइतदारांनीं एक उदाहरण विशेष ध्यानांत घ्यावें. अमेरिकेंत लिंबूवर्गीय रोपांच्या वाफ्यांतील माती रोगजंतु मारण्यासाठीं विषारी वायूनें निर्जंतुक करीत. पुष्कळ ठिकाणीं अशा शुद्ध मातींत रोपें वाढण्याऐवजीं खुरटलीं. खत घालूनहि कांहीं रोपें पिंवळीं व कांहीं मात्र तजेलदार, असा चमत्कार दिसे. सन १९७२ मध्यें सिद्ध झालें कीं, रोगजंतूंबरोबर मुळबुरशीहि मेली होती, आणि जेथें ती परत आली तेवढींच रोपें सुधारलीं. जंबेरीवर कलम बांधणाऱ्या वरुड-मोर्शीच्या रोपवाटिकांस हा धडा लागू आहे.

दुसरें उदाहरण ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांताचें. तेथेंहि आमच्यासारखी काळी, भेगाळणारी जमीन आहे. ओल सांठविण्यासाठीं तेथील शेतकरी जमीन वर्षाहून अधिक काळ निव्वळ उघडी, तणरहित ठेवीत. ओल सांठे, नत्रहि सांठे, आणि तरीहि पुढचें पीक स्फुरद व जस्त यांच्या अभावानें खुरटे. सन १९८७ मध्यें तेथील संशोधनांत कारण निघालें: जिवंत मुळावांचून मुळबुरशी उपाशी राहून फार कमी झाली होती. ती दुसऱ्याचा पाला खाऊन जगूं शकत नाहीं. तिचें अन्न एकच, जिवंत मुळाची साखर.

हें वाचलें तेव्हां मला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट आठवली, ती येथें सांगतों. आमच्या वाटणीचा दावा चालू असतां चार एकरांचें एक शेत लागोपाठ दोन खरीप हंगाम पडीत राहिलें. कोर्टाचें काम केव्हां आटपेल सांगतां येईना. तण माजूं नये म्हणून मीं मधून मधून वखर फिरवून तें अगदीं स्वच्छ ठेविलें, व त्या स्वच्छतेचा मला अभिमानहि होता. निकाल लागल्यावर शेत बटाईनें दिलें आणि खताचीं पोतीं मीं स्वतः आणून दिलीं. कपाशी निघाली ती पिंवळी आणि गुडघ्याएवढी. धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याचें पीक कमरेस लागत होतें. बटाईदारानें खत विकलें असा संशय घेऊन मीं त्यास चारचौघांत बोललों. तो म्हणाला, "साहेब, खत मातींत आहे, झाडाच्या तोंडांत नाहीं." मला तें निलाजरें उत्तर वाटलें, आणि पुढल्या वर्षीं मीं शेत काढून घेतलें. त्या वर्षीं घरीं ज्वारी व तूर पेरली, ती मध्यम आली. तिसऱ्या वर्षीं कपाशी पूर्ववत् झाली. खत तेवढेंच होतें. मधल्या काळांत फक्त जिवंत मुळें परत आलीं होतीं. त्या वेळीं मातीची किंवा मुळांची तपासणी करविलेली नसल्यामुळें हेंच कारण होतें असें मी शपथेवर सांगूं शकत नाहीं. पण चोरी झाली नव्हती, एवढी माझी खात्री आहे. त्या गृहस्थाच्या घरीं जाऊन मीं तसें सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. चहा मात्र दिला.

काय करावें?

(१) पावसाळ्यांत कोणतेंहि शेत मुळांवांचून ठेवूं नये. पीक घेणें नसेल तर ताग, बोरू, मूग, उडीद कांहींतरी पेरावें. उन्हाळ्यांतील तीन-चार महिन्यांच्या उघडेपणानें फारसें बिघडत नाहीं, कारण बुरशीचीं बीजें व जुन्या मुळ्यांचे तुकडे तेवढा काळ तग धरतात. वर्ष उलटूं देऊं नये.

(२) मोहरी, कोबी, मुळा, पालक, राजगिरा या वनस्पति मुळबुरशी पोसत नाहींत. त्या घेऊं नयेत असें नाहीं. त्यांच्यामागून ज्वारी, तूर, हरभरा असें पोसणारें पीक घ्यावें म्हणजे झालें.

(३) पऱ्हाटी व तुराट्या जाळूं नयेत. जाळण्यानें वणव्याचाच हिशेब आपल्या धुऱ्याच्या आंत घडतो. तथापि पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचून ठेवणेंहि योग्य नव्हे. त्यांत गुलाबी बोंडअळी आसरा धरते. वेळीं उपटून, यंत्रानें बारीक करून शेणाबरोबर कुजविणें हा मार्ग बरा.

(४) खोल नांगरट गरजेपुरतीच करावी. प्रत्येक नांगरटीनें तंतूंचें जाळें तुटतें व तें पुन्हां विणण्यास पिकाची साखर खर्च होते. जेथें वखर पुरतो तेथें नांगर घालूं नये.

(५) स्फुरदाचें खत माती तपासून द्यावें. स्फुरद आयतें भरपूर मिळूं लागलें कीं झाड बुरशीचा पगार कापतें व ती क्षीण होते. मग दरसाल आयत्यावरच भिस्त ठेवावी लागते. अकोल्यास सन १९६९ पासून कृषि विद्यापीठ आहे. माती व शंका दोन्ही तेथें नेतां येतात.

(६) विकतच्या पाकिटाविषयीं. निर्जंतुक केलेल्या मातींतील रोपें, पिशव्यांतील जंबेरी, दीर्घकाळ पडीत राहिलेली जमीन, येथें त्याचा उपयोग होण्याचा संभव आहे. पाकीट खत नियंत्रण आदेशाप्रमाणें आहे कीं नाहीं व त्याची मुदत पाहून घ्यावें. औषध मुळाशीं लागेल असें घालावें. बुरशीनाशकाबरोबर कालवूं नये. जें शेत दरसाल पिकतें त्यांत मुळबुरशी मूळचीच आहे. तेथें पाकिटाचे पैसे खर्चण्यापूर्वीं चार ओळींस घालून व चार ओळी तशाच ठेवून पाहावें, आणि वजनकांट्यास विचारावें.

(७) मेळघाटची माती पोत्यांत भरून आणण्याचा मोह कोणीं धरूं नये. राखीव रानांतून माती काढणें कायद्यास धरून नाहीं, आणि तिच्याबरोबर रोगहि येऊं शकतो. आपल्या धुऱ्यावरील गवताच्या मुळांत तीच आंतली बुरशी जिवंत आहे. धुरा जाळला नाहीं व कडेपर्यंत नांगरला नाहीं, तर ती शेतांत आपोआप उतरते.

सारांश, रानास खत कोणी घालीत नाहीं असें नाहीं. झाडच आपल्या कमाईचा एक हिस्सा जमिनीखालच्या भागीदारास देतें, आणि तो भागीदार पडलेल्या पानाचें सत्त्व परत आणून देतो. हा करार मोडतो तो तीन रीतींनीं: जमिनीवरचें अन्न जाळल्यानें, जमिनींतलीं मुळें नाहींशीं केल्यानें, आणि भागीदाराचें काम पोत्यांतून उरकल्यानें. वाचकांपैकीं ज्यांच्या शेतांत पडीत काळानंतर पीक खुरटल्याचा अनुभव असेल, त्यांनीं शेताची स्थिति, पडीत राहिल्याचा काळ व पुढील पिकांचा क्रम यांसह तो मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा. माझ्या एका शेताची गोष्ट ही केवळ एक नोंद आहे. दहा शेतांच्या जुळल्या, तर त्यांवरून कांहीं निर्णय करतां येईल.